रुमालाखालचा भाव

लेकीचा निरोप आला तेव्हा मी कपिलतीर्थ मार्केटात मेथीच्या जुड्या चाचपत उभी होते. "आई, २२ युरो कमी आलेत." एवढंच. खाली तोंड वाकडं केलेलं एक पिवळं चित्र.

भाजीवालीला मोबाईलवरून २० रुपये पाठवले. तिच्या टोपलीशेजारच्या डबीनं ते लगेच साऱ्या मार्केटाला ओरडून सांगितलं. वीसातले वीस पोचले. मी चार दिवसांपूर्वी बँकेतून पाठवलेल्या ११,९०४ युरोंपैकी मात्र जर्मनीत ११,८८२ उतरले होते. मधल्या रस्त्यात कुठंतरी २२ सांडले. मेथी घेतली, पिशवीत टाकली आणि घरी येईपर्यंत कुठली गल्ली ओलांडली तेही कळलं नाही.

११,९०४ हा आकडा आमच्या घरात त्या उन्हाळ्यात कुलदैवतासारखा झाला होता. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते, पण पोराच्या राहण्याखाण्याची सोय आहे हे आधी दाखवावं लागतं. त्यासाठी तिकडं एक खातं उघडायचं, त्याला श्पेरकोंटो म्हणतात, म्हणजे अडकवून ठेवलेलं खातं. वर्षाचे पैसे त्यात आधी भरायचे, मग पोर तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. बारा महिन्यांचे ११,९०४. २०२४च्या सप्टेंबरपासून हाच आकडा. खात्यात तेवढे जमा झाले की तसं पत्र मिळतं आणि ते पत्र व्हिसाच्या फाईलला जोडायचं. ११,८८२ जमा झाले तर पत्र नाही. तिथं "बावीसच तर कमी आहेत, घ्या समजून" असं म्हणायला कुणी ओळखीचं बसलेलं नसतं. व्हिसासाठीची मुंबईची तारीख नऊ दिवसांवर होती.

आता कबुली द्यायला हवी. मी एकतीस वर्षं कॉलेजात अकाउंट्स शिकवलं. नॉस्ट्रो खातं म्हणजे काय, व्होस्ट्रो खातं म्हणजे काय, दोन गुणांची टीप मी हजारो पोरांकडून घोकून घेतली. इटालियन शब्द, आमचं आणि तुमचं. आपल्या बँकेनं परदेशातल्या बँकेत त्यांच्या चलनात ठेवलेलं खातं ते नॉस्ट्रो. फळ्यावर दोन चौकोन काढायचे, मध्ये बाण. त्या बाणाला पैसे पडतात हे मी एकदाही शिकवलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

राजारामपुरीतल्या शाखेत गेले. परकीय चलनाच्या टेबलावर माझाच एक जुना विद्यार्थी. पहिल्या दिवशी उठून उभा राहिला होता, चहा मागवला होता. आजही उठला, पण चेहरा जरा उतरलेला.

"मॅडम, आपण इथनं फुल्ल पाठवलेत. हे बघा की, ११,९०४. पुढं कोण कापतंय ते आमच्या हातात न्हाई ओ."

"कुणाच्या हातात आहे मग?"

तो कॉम्प्युटरकडं बघत बसला. त्याला लपवायचं नव्हतं. त्याच्या पडद्यावरच ते नव्हतं.

मग त्यानं वरच्या कार्यालयाला फोन लावला आणि त्या एका दुपारी मी जे शिकले ते एकतीस वर्षांत शिकले नव्हते. पैसे परदेशात जात नाहीत, चिठ्ठी जाते. ही चिठ्ठी नेणारी व्यवस्था म्हणजे स्विफ्ट. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून बेल्जियममध्ये ती उभी केली. ती फक्त निरोप पोचवते, रुपयाला हात लावत नाही. आपली बँक फ्रँकफुर्टमधल्या एखाद्या मोठ्या बँकेला निरोप देते, की आमच्या तुमच्याकडच्या खात्यातून एवढे युरो उचला आणि पुढच्या अमक्या बँकेला द्या. ही मधली बँक ते काम फुकट करत नाही. तिची मजुरी कुणी द्यायची हे चिठ्ठीतल्या एका रकान्यात तीन अक्षरांत लिहिलेलं असतं. ओयूआर म्हणजे सगळी पाठवणाऱ्यानं. बीईएन म्हणजे सगळी घेणाऱ्यानं. एसएचए म्हणजे आपल्या बँकेची आपण आणि तिकडची त्यानं, ती जाणाऱ्या रकमेतूनच कापून घेतली जाते.

माझ्या अर्जावर एसएचएपुढं टिक होती. केली कुणी? सही माझी होती म्हणजे मीच. अर्ज चार पानांचा, अक्षर मुंगीएवढं, आणि तो छापूनच टिक केलेला आला होता.

मला पटकन आठवली ती मनीऑर्डर. मी पुण्याला एमकॉमला होते तेव्हा अण्णा गावच्या पोस्टातून दर महिन्याला पैसे पाठवायचे. कमिशन खिडकीवर वेगळं भरायचे, मला मात्र शंभरचे शंभर मिळायचे. खालच्या चिटोऱ्यावर दोन ओळी असायच्या, "ऊस बरा आहे. तब्येतीला जप." म्हणजे आमच्या सातवी पास अण्णांची मनीऑर्डर ओयूआर होती. पोस्टमनला मी दोन रुपये चहाला द्यायची, ते बीईएन समजा. पण तो समोर उभा राहून डोकं खाजवत मागायचा, मधल्या रस्त्यात पाकिटातून काढून घ्यायचा नाही.

बरं, आता २२ युरो पुन्हा पाठवायचे. या खेपेला ओयूआर. हिशेब मांडते, कारण मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. २२ युरोंचे झाले २,२२९ रुपये. बँकेचा पाठवणी आकार १,००० आणि त्यावर जीएसटी १८०. चलन बदलण्यावरचा किमान जीएसटी ४५. मधल्या बँकेची मजुरी आपण भरायची म्हणून २० युरो, त्याचे २,०२६. आणि वर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आधी कापून घेते तो कर, १११. एकूण ३,३६२ रुपये खर्च करून २,२२९ रुपये पाठवले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. आता कोल्हापुरात मसाल्याला हात आखडता नसतो हे मान्य, पण तो ताटात तरी दिसतो.

त्या टीसीएसची एक स्वतंत्र गोष्ट आहे. परदेशी पैसे पाठवण्याची ही सवलत रिझर्व्ह बँकेनं २००४ साली सुरू केली तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती, आता एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर आहे. आमच्यासारख्यांना ती मर्यादा कधीच आडवी येणार नाही. आडवा येतो तो कर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर जेवढे जातील त्यावर शिक्षणासाठी ५ टक्के आणि इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के बँक आधीच कापून सरकारात भरत होती. शिक्षणासाठी कर्ज काढलं असेल तर काहीच नाही. मी कर्ज काढलं नव्हतं. निवृत्तीचे पैसे होते, आणि कर्ज न काढल्याचा जरा ताठाही होता. तो इथं दहा हजारांना पडला.

पहिल्या दिवशी त्या विद्यार्थ्याच्या शेजारच्या बाईंनी अर्जावर कारण लिहिलं, कुटुंबाचा चरितार्थ. बरोबरच वाटत होतं, पोरीच्या जेवणाखाण्याचेच तर पैसे. मी सही करणार इतक्यात खाली आकडा दिसला, टीसीएस ४०,६९९. पोटात गोळा आला. विचारलं तर कळलं, की तेच पैसे, तीच पोर, तेच खातं, पण कारणाच्या रकान्यात शिक्षण लिहिलं की १०,१७५ होतात. शिकणाऱ्या पोराचा रोजचा खर्चही शिक्षणातच धरतात. प्रवेशाचं पत्र जोडा म्हणाल्या, जोडलं. एका शब्दाला तीस हजार! हे पैसे बुडत नाहीत हे खरं. ते माझ्या पॅनवर जमा दिसतात, रिटर्न भरताना वळते होतात, जास्तीचे परत येतात. पण दहा हजार अडकणं वेगळं आणि चाळीस हजार अडकणं वेगळं. माझ्या मागं जर अकाउंट्स न शिकवलेली एखादी आई उभी असती, तर तिनं सही केली असती, एवढंच मनात आलं.

२२ युरो चौथ्या दिवशी पोचले, अगदी २२. पत्र आलं, मुंबईची तारीख गाठली. एवढ्यावर विषय संपला असता. संपवला तो माझ्या भावानं नाही, उलट तिथून पुढं सुरू केला.

भाऊ गावी असतो, पन्हाळ्याच्या पायथ्याला. ऊस करतो, आणि आसपासची गुऱ्हाळं एकेक बंद पडत गेली तरी त्यानं आमचं चालू ठेवलंय. लेक जाणार म्हणून भेटायला आला तेव्हा काकवीची बाटली आणि गुळाची ढेप घेऊन आला. मी तोपर्यंत २२ युरोंची कथा येईल-जाईल त्याला सांगत होते. त्यालाही सांगितली, तावातावानं, मधल्या बँकेच्या नावानं बोटं मोडत. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"अक्का, तुझी पट्टी दाव की."

पट्टी म्हणजे काय ते कोल्हापुरात सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापारावर या शहरानं बाळसं धरलं. शेतकरी गूळ घेऊन येतो, अडत्याच्या, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या, दुकानात रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मांडतो, सौदा निघतो, व्यापारी बोली लावतात. मग अडत्या एक कागद देतो, ती पट्टी. वर भाव, वजन, होणारी रक्कम. खाली वजावट. अण्णांच्या काळातल्या पट्ट्या आमच्या घरी तारेला टोचून ठेवलेल्या असायच्या. हमाली, तोलाई, अडत, धर्मादाय, एकेक ओळ. अण्णा रात्री कंदिलाजवळ बसून बोट ठेवत वाचायचे, आणि एखादी ओळ पटली नाही तर दुसऱ्या दिवशी सायकल काढून भांडायला जायचे. एकदा अडत्यानं कडता म्हणून रव्यामागं काही वजन सोडलं होतं. अण्णांनी ती पट्टी त्याच्या गादीवर ठेवली आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. संध्याकाळी त्यानं ती ओळ खोडली. अण्णा काही जिंकून आल्यासारखे आले नाहीत. म्हणाले, हमालाला पाठ हाय, तोलाऱ्याला हात हाय, ह्या कडत्याला काय हाय?

तर पट्टी. मी भावाला बँकेचा कागद दिला. चष्मा लावून मीच वाचून दाखवला. पाठवणी आकार १,१८०. चलन बदलावरचा जीएसटी १,०२७. टीसीएस १०,१७५. रक्कम १२,०३,४९४. एकूण १२,१५,८७६. मी म्हटलं, बघ, सगळ्या वजावटी मी तपासल्यात, फक्त ते २२ युरो ह्यात नाहीत.

त्यानं कागद हातात घेतला. इंग्रजी त्याला बेतानंच येतं. तरी त्याचं बोट वरून खाली फिरलं आणि परत वर गेलं.

"भाव कुठं लिवलाय?"

होता. एका कोपऱ्यात, लहान अक्षरात. १०१.१०.

"आणि बाजारात त्या दिवशी काय हुता?"

मी गप्प. मग मोबाईलवर मागच्या तारखा काढून पाहिल्या. ९९ रुपये ६० पैसे.

तो काही बोलला नाही. गुळाचा खडा तोंडात टाकला. मी कागदाच्या मागच्या बाजूला गुणाकार केला. दीड रुपया गुणिले ११,९०४. सतरा हजार आठशे छप्पन्न.

१७,८५६ रुपये. कागदावरचा आकार आणि दोन्ही जीएसटी मिळून जेवढे होतात त्याच्या आठपट. आणि मी आठवडाभर २२ युरोंसाठी, म्हणजे सव्वादोन हजारांसाठी, जग डोक्यावर घेतलं होतं. गूळ विकणाऱ्यानं पहिल्यांदा भाव विचारला. अकाउंट्स शिकवणारीनं वजावटी तपासल्या, कारण वजावटी म्हणून लिहिलेल्या ओळी तिला दिसत होत्या.

त्या रात्री झोप लागेना म्हणून जीएसटीचा नियम काढून वाचला. (निवृत्त माणसाचे छंद.) चलन बदलून देण्यासाठी बँक वेगळी फी लिहीत नाही, ती भावातच कमावते. मग कर कशावर लावायचा? तर सरकारनं पायऱ्या ठरवून दिल्यात. १० लाखांच्या वरच्या रकमेला बँकेची सेवा धरायची ५,५०० रुपयांची, आणि वरच्या रकमेवर आणखी टक्क्याचा दहावा हिस्सा. माझ्या व्यवहाराला ती झाली ५,७०३ रुपयांची, त्यावर १८ टक्के म्हणजे ते १,०२७. म्हणजे सरकारदरबारी बँकेनं माझं काम पाच हजार सातशेत केलं. माझ्याकडून गेले सतरा हजार आठशे. मी इतकी वर्षं ताळेबंद जुळला नाही म्हणून पोरांचे गुण कापत आले.

पाठ्यपुस्तकात आम्ही विनिमय दर म्हणायचो. त्याच्या आधीच्या पुस्तकांत शब्द होता हुंडणावळ. हा शब्द मला फार आवडतो. दळणावळ, धुणावळ, शिलाई, तशीच हुंडणावळ, म्हणजे हुंडी करून दिल्याबद्दल सावकारानं घ्यायचं ते. हुंडीही चिठ्ठीच. इथल्या पेढीवर रुपये भरायचे, तिकडच्या पेढीवर चिठ्ठी दाखवून घ्यायचे. स्विफ्टनं नवीन काय केलं मग? वेग वाढवला हे खरं, पण हुंडणावळ हा शब्द ऐकला की कुणीतरी त्यातून काहीतरी खाणार आहे हे लगेच कळायचं. विनिमय दर म्हटलं की पावसासारखं, आभाळातून पडल्यासारखं वाटतं. गुजरीत जुनं नाणं बदलायला गेलं की सराफ बट्टा घ्यायचा, त्याला तो बट्टाच म्हणायचा.

आणि अण्णांनी सांगितलेली आजोबांच्या वेळची गोष्ट आठवली. तेव्हा बोली उघड नसायची. अडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात रुमालाखाली धरायचे. बोटं दाबून भाव ठरायचा. शेतकरी समोर उभा, गूळ त्याचा, आणि त्याला दिसायचा फक्त हलणारा रुमाल. शेवटी अडत्या एक आकडा सांगायचा, तो खरा मानायचा. बाजार समित्या आल्या, कायदे आले, उघड बोली आली, रुमाल गेला. आजोबांना म्हणे पहिल्या उघड सौद्यात आपल्या गुळाचा भाव मोठ्यानं ओरडलेला ऐकून लाजल्यासारखं झालं होतं.

लेकीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, इथं जर्मनीतून स्पेनला युरो पाठवले तरी गावात पाठवल्यासारखेच पडतात, तसा नियम आहे." मग जरा थांबून, "तू अजून त्या बावीस युरोतच आहेस का?" मी सतरा हजारांचं तिला सांगितलं नाही. नव्या गावात, नव्या खोलीत, तिनं मनावर घेतलं असतं.

खोलीवरूनच पुढचं निघालं. वसतिगृहात जागा मिळाली नाही, भाड्याची खोली घ्यावी लागली आणि तिकडं अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेतात. ११०० युरो पाठवायचे होते. आमचे हे म्हणाले, या खेपेला माझ्या नावानं पाठवू, माझे १० लाख कोरे आहेत, टीसीएस लागणार नाही. ३१ वर्षं मी अकाउंट्स शिकवलं आणि हे यांना सुचलं, जे जन्मभर पाटबंधारे खात्यात होते. दोघांच्या नावानं निम्मे-निम्मे पाठवले असते तर पहिले दहा हजारही अडकले नसते. मधल्या बँकेची कात्री मात्र दोनदा चालली असती, असं मी म्हटलं, पण ते केवळ हरायचं नाही म्हणून.

दोघं शाखेत गेलो. विद्यार्थी उठला, चहा मागवला. यांनी पॅन, पासबुक काढलं. मी अर्जाला हात न लावता विचारलं,

"आज भाव काय लावणार?"

"मॅडम, बोर्डावर आहे ना, १०४.७०."

"बाजारात १०३.२० आहे. मी येताना बघून आले."

त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. पहिल्या बाकावरचा पोरगा नव्हता तो, पण वाक्य संपायच्या आत उत्तर लिहिणारा होता. म्हणाला, "थांबा. वरती विचारतो." आतल्या खोलीत गेला. काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. आमच्या मागं खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, फाईलच्या कव्हरातून दिसणारं कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचं बोधचिन्ह. ते बोर्डावरचा १०४.७० मोबाईलमध्ये लिहून घेत होते.

विद्यार्थी परत आला, बसला. आकडा तोंडानं सांगितला नाही. पेन घेतलं, चिठ्ठीवर लिहिला, ती घडी करून तळव्याखाली धरली आणि काउंटरवरून माझ्याकडं सरकवली. मी तळवा त्याच्या तळव्याखाली नेला, चिठ्ठी घेतली, मांडीवर उघडली.

१०४.१०.

यांनी विचारलं, "किती?" मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि म्हटलं, "सही करा."